केबल ठीकच होती

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बायकोनं ठेवलेलं नाव. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं जेवता जेवता हातातला घास खाली ठेवला होता आणि शेजाऱ्यांचा फ्रिज आज नेहमीपेक्षा किंचित वरच्या पट्टीत गुणगुणतोय असं जाहीर केलं होतं. पुढच्याच आठवड्यात तो फ्रिज बंद पडला. तेव्हापासून बायको त्याला कानसेन म्हणायला लागली, मग त्याची आई, मग कामाच्या निमित्तानं फोन करणारी प्रकाशनवाली मंडळी. त्याला ते आवडायचंही. माणसाला आपल्या एखाद्या अवयवाचा गर्व असतोच. कुणाला केसांचा असतो, कुणाला सरळ नाकाचा, याला कानांचा होता.

पोटही कानांवरच चालायचं म्हणा. ऐकायची पुस्तकं तयार करण्याचं नवराबायकोचं काम होतं. वाचायची ती, साफ करायचा हा. घराच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती आणि मध्ये काच घालून तिचे दोन भाग केले होते. काचेच्या आत बायको, माइक, पुस्तकाचा स्टँड आणि पाण्याचा पेला. काचेच्या बाहेर कानसेन, त्याचा हेडफोन आणि त्याची स्क्रीन.

ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पुस्तक उघडलं, वाचलं आणि झालं. तसं नसतं. वाचणाऱ्याचे ओठ चिकटतात, पोट गुरगुरतं, खुर्ची करकरते आणि मुख्य म्हणजे माणूस श्वास घेतो. वाक्याआधी घेतो, वाक्यानंतर सोडतो. प्रकाशनवाल्यांना हे श्वास नको असायचे. तेव्हा कानसेन एकेक श्वास हुडकून कापायचा आणि त्या जागी शांतता भरायचा. हो, भरावी लागते. नुसतं कापलं तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. म्हणून रोज सकाळी कामाला बसण्यापूर्वी दोघं दार लावून अगदी गप्प बसायची आणि त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवायची. दिवसभर कानसेन तिचेच तुकडे काढून ठिगळं लावायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही रोज सकाळी एकमेकांसमोर भांडण न होता गप्प बसणारं ते बहुधा एकमेव जोडपं असावं.

घरासमोरच्या रस्त्याचं काम निघालं तिथून सगळं सुरू झालं. खणण्याचा आवाज माइकमध्ये यायला लागला. कानसेन वैतागला. त्याच सुमाराला एक जुनं हॉटेल पाडायला घेतलं होतं आणि तिथले जाड गालिचे लोक ओढून नेत होते. कानसेननंही चार मोठे गालिचे आणले, वरवर झटकले आणि काचेच्या आतल्या भिंतींवर ठोकून टाकले. एक छतालाही मारला. आत उभं राहून टाळी वाजवली तर ती हातातच विरून जायची. खणण्याचा आवाज बंद. कानसेन इतका खूष झाला की त्यानं आईला बोलावून तिच्याकडून टाळी वाजवून घेतली.

बायको दुसऱ्या दिवसापासून शिंकायला लागली.

एकामागून एक शिंका, डोळ्यांना खाज, नाकातून पाणी, टाळूला आतून गुदगुल्या. दुकानातून गोळी आणली. ती घेतली की नाक कोरडं पडायचं आणि तासभर नीट वाचता यायचं. अ‍ॅलर्जी आहे, असं सगळ्यांचं एकमत झालं. आणि ते बरोबरच होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाकाला अ‍ॅलर्जीच झाली होती. चुकलं ते पुढे.

अ‍ॅलर्जी हा शब्द मोठा सोयीचा. तो ऐकून कुणी घाबरत नाही. उलट माणूस जरा नाजूक आहे, चांगल्या घरातला आहे, असंच वाटतं. दमा म्हटलं की मात्र लोक खुर्ची थोडी मागे घेतात. कानसेनच्या आईला तर तो शब्द घरात उच्चारलेलाही खपत नसे. तिच्या एका काकांना दमा होता आणि त्या काकांपायी घरातल्या दोन मुलींची लग्नं रखडली होती म्हणे. "आमच्यात ते नाही," असं ती ठासून सांगायची. सून तिच्यातली नव्हतीच, ती लग्न होऊन आलेली, पण हा मुद्दा तिच्यापुढे मांडण्यात काही अर्थ नव्हता.

गालिचे लावून काही आठवडे झाले आणि एका दुपारी कानसेनला ती पहिल्यांदा ऐकू आली. बायकोचं वाक्य संपलं, तिनं श्वास सोडला आणि त्या श्वासाच्या अगदी शेपटाला एक बारीक शिट्टी होती. केटलीतलं पाणी उकळायच्या आधी वाजते तशी. तुम्हाआम्हाला ती ऐकू आली नसती. कानसेननं आधी खुर्ची बदलली. मग हवा येण्याची झडप बंद केली. माइकवरचं स्पंजाचं टोपरं काढून नवं बसवलं. शिट्टी कायम. मग त्याच्या लक्षात आलं की ती वस्तूंमधून येत नाहीये, बायकोतून येतेय.

एखाद्या साध्या कानाच्या माणसानं विचारलं असतं, "अगं, तुझ्या छातीत हे काय वाजतंय?" कानसेननं ती शिट्टी नेमकी कुठल्या पट्टीत आहे ते शोधून काढलं, तेवढीच पट्टी गाळून टाकणारा एक फिल्टर तयार केला आणि त्याला नाव दिलं "शिट्टी". एक बटण दाबलं की अख्ख्या प्रकरणातून ती नाहीशी. त्या संध्याकाळी तो स्वतःवर फार खूष होता.

पण फिल्टरनं बायकोच्या आवाजातली थोडी चमकही जायची. म्हणून चार दिवसांनी तो तिला म्हणाला, "श्वास सोडताना आवाज येतोय तुझा. जरा नीट सोड ना."

"नीट म्हणजे कसा?"

"बिनआवाजाचा."

"बरं," ती म्हणाली. "आणि काही? बिनतेलाची भाजी, बिनसाखरेचा चहा, तसा बिनहवेचा श्वास चालेल का?"

दोघं हसली. हसता हसता तिला खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. त्यानं तिला पाणी दिलं. एवढं मात्र केलं.

रात्रीचं सांगायचं तर कानसेन झोपताना दोन्ही कानांत रबराचे बोळे घालायचा. दिवसभर कान राबतात, रात्री त्यांना विश्रांती हवी, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे बायको पहाटे उठून बाहेरच्या खोलीत जाते, खुर्चीत पुढे वाकून बसते आणि खोकते, हे त्याला त्याच्या आईकडून कळलं.

"सूनबाई पहाटे बसलेली असते रे खुर्चीत," ती म्हणाली.

"गोळी घेते ना ती."

"घेते. पण बसलेली असते."

"उन्हाळा आहे, झोप लागत नसेल," कानसेन म्हणाला आणि कामाच्या खोलीत निघून गेला. जिना चढताना बायको मधल्या पायऱ्यांवर थांबून शेजाऱ्यांच्या कुंड्या बघायला लागली होती, हेही त्यानं पाहिलं होतं. हिला कुंड्यांचा नाद कधीपासून लागला, एवढाच विचार त्याच्या मनात आला.

आणि मग एके दिवशी शिट्टी थांबली. कानसेननं पुन्हा ऐकलं, आवाज वाढवून ऐकलं. स्वच्छ. श्वास आत घेतल्याचं ऐकू येत होतं, सोडल्याचं अगदी पुसट. दुसऱ्या दिवशीही तसंच, पुढच्या आठवड्यातही तसंच. फिल्टर लावायची गरज उरली नाही. "बघ," तो जेवताना म्हणाला, "लागू पडली की नाही गोळी? गेली तुझी अ‍ॅलर्जी."

बायको ताटाकडे बघत "हं" म्हणाली. आईनं सुनेकडे पाहिलं.

एक मोठी कादंबरी संपत आली होती. लांबलचक वाक्यांचा लेखक. हा माणूस पूर्णविराम विकत घेऊन वापरतो की काय, असं बायको म्हणायची. त्या दुपारी खोलीत उकडत होतं, कारण आवाज नको म्हणून झडप बंद होती आणि दार घट्ट लावलेलं होतं. बायको एका वाक्याच्या मध्यावर होती. आणि हेडफोनमध्ये एकदम काहीच येईना.

कानसेननं स्क्रीनकडे पाहिलं. आवाजाची रेघ सपाट झाली होती. त्यानं मान वर केली. काचेपलीकडे बायकोचे ओठ हलत होते.

"आवाज येत नाहीये!" त्यानं बटण दाबून आत सांगितलं. "थांब, केबल गेली वाटतं."

तिनं हात वर केला. कानसेनला वाटलं, बरं म्हणतेय.

तो टेबलाखाली शिरला. केबल काढून पुन्हा खोचली. वर आला, रेघ सपाट. चडफडत त्यानं कपाटातून दुसरी केबल काढली, तिचा गुंता सोडवला, ती जोडली. वर आला, रेघ सपाट. "हात्तिच्या," असं काहीतरी तो म्हणाला. तेव्हा कुठे त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. तिचे खांदे वर चढून कानांपाशी आले होते. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. ओठांचा रंग भलताच दिसत होता. आणि ती उजव्या हाताचा तळवा भिंतीवर जोरजोरात आपटत होती. किती वेळ आपटत होती कोण जाणे. भिंतीवर गालिचा होता, त्यामुळे आवाज येत नव्हता.

केबल ठीकच होती. दोन्ही ठीक होत्या.

टॅक्सीत तिला आडवं करायला गेला तर तिनं त्याला ढकलून दिलं. आडवं होताच येत नव्हतं. ती पुढे वाकून, समोरच्या सीटला धरून बसली. एरवी वाक्यामागून वाक्य न अडखळता वाचणारी बाई, तिच्या तोंडून एका वेळी एकच शब्द निघत होता. "खिडकी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "उघड."

हॉस्पिटलात तिला ताबडतोब आत घेतलं. दंडात सुई, तोंडावर मास्क, मास्कमधून औषधाची फसफसणारी वाफ. एक डॉक्टरीणबाई तिच्या पाठीला नळी लावून ऐकत होत्या. ठेंगण्या, केस घट्ट बांधलेल्या, बोलायला फटकळ. त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या, नर्सला भराभर काहीतरी सांगत राहिल्या. कानसेन पडद्यापाशी उभा होता. त्याच्या हातात अजून ती काढलेली पहिली केबल होती. टॅक्सीत बसताना, उतरताना, कागदांवर सही करताना ती हातातच राहिली होती. त्यानं ती घाईघाईनं खिशात कोंबली, पण लांब केबल ती, अर्धी बाहेर लोंबत राहिली.

तिच्या ओठांना रंग यायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या.

"दमा कधीपासून आहे यांना?"

"दमा नाहीये," कानसेन म्हणाला. "अ‍ॅलर्जी आहे."

"कोण म्हणालं?"

"म्हणजे... शिंका येतात तिला. धुळीच्या. गोळी घेते."

"शिंका, खाज, नाकातून पाणी, हे नाकाचं झालं. गोळी नाकाला लागू पडते. छाती आवळणं, पहाटे खोकून उठणं, चढताना धाप लागणं, हे छातीचं. त्या गोळीनं श्वासाची वाट उघडत नाही. धूळ एकच असू शकते आणि दुखणी दोन. पुष्कळांची असतात." त्या भराभर बोलत होत्या, हजारदा सांगून झाल्यासारख्या. "छातीत शिट्टी वाजायची का? श्वास सोडताना?"

आता खरं सांगायला एक शब्द पुरला असता. कानसेननं बायकोकडे पाहिलं. मास्कच्या वरून तिचे डोळे त्याच्याकडेच लागले होते. तिनं नीट ऐकलं होतं, प्रश्नही आणि त्याचं गप्प राहणंही.

"नाही," तो म्हणाला. "मला तरी ऐकू नाही आली."

हे कानसेन बोलला. घाबरला होता, हे खरं. लाज वाटली, हेही खरं. पण बायको समोर पडलेली असताना, तिला ठाऊक आहे हे ठाऊक असताना, तो तसं बोलला.

बायकोनं मास्क बाजूला ओढला. "मीच..." ती म्हणाली आणि थांबली. "सांगितलं नाही. याला."

"मास्क लावा आधी," डॉक्टरीणबाई तिच्यावर डाफरल्या.

कानसेनला वाटलं, जमीन फाटावी. ती त्याला सांभाळून घेत होती. धड श्वास नव्हता, आणि त्यातला एक तिनं त्याच्यासाठी खर्च केला होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पाठीला नळी लावली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. "छान. वाजायला लागली," त्या म्हणाल्या.

"वाजतेय म्हणजे छान?" कानसेननं विचारलं.

"आल्या तेव्हा छातीत काहीच वाजत नव्हतं. सगळं शांत. त्या शांततेची आम्हाला भीती वाटते. हवाच जात-येत नसेल तर शिट्टी कशानं वाजणार? आता वाट थोडी उघडलीय, म्हणून वाजतेय." त्यांनी नळीची टोकं त्याच्यापुढे धरली. "ऐका. पुन्हा घरी असं झालं तर नाक कुठलं आणि छाती कुठली हे तुम्हाला कळायला हवं."

कानसेननं टोकं कानांत घातली. बायकोनं श्वास सोडला. बारीक, लांब, केटलीतलं पाणी उकळायच्या आधीची. अनेक शिट्ट्या एकत्र वाजत होत्या, पण त्यातली एक त्याच्या अगदी ओळखीची होती. तिची पट्टी त्याला पाठ होती. तिच्यासाठी त्यानं बटण बनवलं होतं.

त्यानं नळी कानांतून काढली.

"मी ही ऐकलीय," तो म्हणाला. "पुष्कळदा. मघाशी खोटं बोललो."

डॉक्टरीणबाईंना त्याच्या पश्चात्तापात काडीचाही रस नव्हता. "ते तुमचं तुम्ही घरी बघा. मला सांगा, कधी सुरू झाली?"

"गालिचे लावल्यावर. काही आठवड्यांनी."

"रोज सारखीच?"

"नाही." इथे मात्र त्याच्या कानांनी साथ दिली. "सोमवारी सकाळी जवळजवळ नसायची. मग वाढत जायची. शनिवारी सगळ्यात जास्त. रविवारी आम्ही काम करत नाही."

"म्हणजे त्या खोलीतच आहे काय ते. हे कामाचं सांगितलंत. आणि रात्री? पहाटे?"

कानसेन लोंबणारी केबल खिशात ढकलायला लागला.

"पहाटे वाजायची का?"

"मी कानांत बोळे घालून झोपतो," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खिशातून लोंबणाऱ्या केबलकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "बरं. वाढली की तशीच राहिली?"

"थांबली," कानसेन म्हणाला. "हे सगळं व्हायच्या आधी दोन-तीन आठवडे थांबली होती. अगदी स्वच्छ होतं. म्हणून मला वाटलं, बरी झाली."

मास्कच्या आतून आवाज आला. घोगरा, वाफेतून येणारा. "थांबली नव्हती."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी भिंतीकडे तोंड करून सोडायचे," ती म्हणाली. "गालिच्यात. तुला कापत बसावं लागायचं म्हणून."

दोन दिवसांनी तिला घरी सोडलं. थोडी बरी झाल्यावर पुन्हा बोलावून एका यंत्रात फुंकायला लावलं. आधी एकदा, मग पंपातून औषध देऊन थोडं थांबून पुन्हा. पहिली फुंकर मध्येच अडकल्यासारखी होती, दुसरी भसकन गेली. तपासणीवाल्या बाई कागद बघून म्हणाल्या, "हा दमाच." अ‍ॅलर्जी तपासायला हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब टाकून सुईनं टोचलं तेव्हा धुळीच्या थेंबाखाली मोठी गांध उठली. नाकाची अ‍ॅलर्जी होती, छातीचा दमाही होता, आणि दोन्ही त्याच गालिच्यांमुळे चेकाळले होते.

बायकोला एकाच गोष्टीची धास्ती होती. "पंपानं आवाज बसतो म्हणतात."

"बसू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पंपाला ते लांब नळकांडं लावून औषध घ्या आणि नंतर खळखळून चूळ भरा, मग सहसा नाही बसत. आणि तुम्ही मला सांगा, श्वासाशिवाय कुठला आवाज काढणार आहात?"

गालिचे कानसेननं ती हॉस्पिटलातून घरी यायच्या आधीच उपसून बाहेर नेऊन टाकले. तोंडाला फडकं बांधून त्यानं खिळे उपटले, भिंती ओल्या कपड्यानं पुसल्या, झडप उघडून कायमची उघडी ठेवली. उजव्या हाताच्या गालिच्यावर, माइकच्या बाजूला, एका जागी लोकर दबून सपाट झाली होती. तिच्या तळव्याच्या आपटण्यानं झाली की रोज तोंड तिकडे वळवून सोडलेल्या श्वासांनी, त्याला कळेना. तो गालिचा उचलताना त्याचे हात चालेनात. आई येऊन म्हणाली, "धर, मी धरते एक टोक," आणि मायलेकांनी मिळून तो बाहेर नेला. परत येताना आई एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं तुला, बसलेली असते म्हणून. पण मीही नाव घेतलं नाही त्याचं. आपल्याला शब्दाचीच भीती." त्यानंतर ती शेजारणीलाही धडधडीत सांगायला लागली, "सुनेला दमा आहे, औषध चालू आहे."

कानसेननं बोळे फेकून दिले आणि दुसऱ्या टोकाला गेला. रात्रभर डोळे उघडे ठेवून तिचा श्वास ऐकत पडायचा. जरा कूस बदलली की उठून बसायचा. ती भाजी चिरत असली तर मागे येऊन उभा राहायचा. "नाक की छाती?" एक शिंक आली की हा प्रश्न. चौथ्या की पाचव्या रात्री ती म्हणाली, "झोपू दे रे मला. तुझ्या ऐकण्याचा आवाज होतो."

माफी मागायचा त्यानं खूप प्रयत्न केला. एकदा स्वयंपाकघरात, एकदा जिन्यात, एकदा ती चूळ भरत असताना, म्हणजे तिला बोलता येणार नाही अशा वेळी. तिनं चूळ टाकली, तोंड पुसलं.

"नको मागूस," ती म्हणाली. "तू मागितलीस की मला 'असू दे' म्हणावं लागतं. आणि मला अजून तसं वाटत नाहीये."

"बरं," कानसेन म्हणाला.

"हॉस्पिटलात नाही म्हणालास, त्याचं जास्त लागलं. केबलचं नाही एवढं. केबलचं आठवून मला कधीकधी हसूही येतं."

त्याला हसू येत नव्हतं. ती टॉवेल वाळत घालून निघून गेली.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. प्रकाशनवाल्यांनी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची तयारी दाखवली, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "माझं पुस्तक मीच संपवणार." आवाज थोडा जाड झाला होता, पण होता. सकाळी दोघं त्या उघड्याबोडक्या भिंतींमध्ये शांतता रेकॉर्ड करायला बसली. शांतता कुठली, झडपेतून वारा येत होता, काम संपलेल्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. कानसेननं ते सगळं तसंच घेतलं.

मग तो बाहेर येऊन बसला. ती वाचायला लागली. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. हेडफोनमध्ये तिचा आवाज नितळ येत होता. तो एकेका वाक्याच्या शेवटाला कान टवकारून थांबत होता, श्वास सुटण्याची वाट बघत होता, आणि स्क्रीनवर तिथं वाऱ्याच्या खरखरीखेरीज काहीच येत नव्हतं. श्वासाचा बारीकसा उंचवटाही नाही.

या वेळी त्यानं केबलला हात लावला नाही. मान वर करून काचेतून पाहिलं.

ती ठीक होती. खांदे खाली, ओठ गुलाबी. वाक्य संपलं, आणि तिनं तोंड उजवीकडे वळवलं, नुसत्या भिंतीकडे, तिथं हळूच श्वास सोडला आणि पुन्हा माइककडे येऊन पुढचं वाक्य सुरू केलं. पुढच्या वाक्यालाही तसंच. इतकं सराईतपणे की बघणाऱ्याला वाटावं, ही वाचण्याचीच पद्धत आहे.

कानसेननं मशीन थांबवलं आणि आत गेला.

"काय झालं?" तिनं विचारलं. "केबल?"

"नाही. तू भिंतीकडे वळतेयस."

"वळले?" तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिनं भिंतीकडे पाहिलं, खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती. "सवय लागली असेल रे. जाईल हळूहळू."

ती अगदी सहज म्हणाली. त्याला बोचावं म्हणून म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"इकडे सोड," तो म्हणाला. "माइकमध्ये."

"मग तुला कापत बसावं लागेल."

"बसेन. आधी ऐकेन, मग कापेन."

तिनं पुस्तक स्टँडवर सरळ केलं. "बरं," ती म्हणाली, "जा बाहेर. उगाच उभा राहू नकोस डोक्यावर."

तो बाहेर येऊन बसला, हेडफोन चढवला. तिनं वाक्य वाचलं. शेवटाला तिची मान अर्धी वळली, थबकली, परत आली, आणि तिनं श्वास माइकसमोर सोडला. स्क्रीनवर एक छोटासा उंचवटा आला. कानसेननं डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. शिट्टी नव्हती. साधा, थोडा घोगरा, रिकामा होत गेलेला श्वास होता.

पुढच्या वाक्याला ती पुन्हा भिंतीकडे वळली. तिला कळलंही नाही. कानसेननं मशीन थांबवलं, हेडफोन काढून ठेवला आणि उठून पुन्हा आत गेला.